नवी वॅगनआर की जुनी अर्टिगा?
सहा-सात लाखांत नवी पाच आसनी वॅगनआर घ्यावी की वापरलेली सात आसनी अर्टिगा, या प्रश्नावरील बहुतेक मते मायलेजभोवतीच फिरत आहेत. माझ्या मते खरा फरक कर्जात आणि कागदपत्रांत आहे. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सहसा जास्त असतो, शिवाय विक्रेत्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही. दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी आणण्याचा मोह होत असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि महाराष्ट्रात नव्याने भरावा लागणारा रोड टॅक्स आधीच हिशेबात धरावा (दलाल हे क्वचितच सांगतात). घरातील सहा माणसे नेहमी एकत्र प्रवास करत असतील, तरच मी अर्टिगा घेईन, आणि तीही सर्व्हिसिंगच्या नोंदी व आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) बँकेच्या कर्जाचा बोजा तपासल्यानंतरच.