शब्दचर्चा : 'ट्रायबल गव्हर्नमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

उंबरठा :
अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमाती स्वतःचे उद्योग कसे उभे करतात, यावरचा एक लेख मासिकासाठी मराठीत आणतोय आणि पहिल्याच ओळीत अडलोय. 'ट्रायबल गव्हर्नमेंट'साठी आधी सरळ 'आदिवासी सरकार' लिहिलं. बायकोला वाचायला दिलं, तर ती म्हणाली, "म्हणजे आपला आदिवासी विकास विभाग ना?" तिथंच कळलं, शब्द फसला. आपल्याकडे खात्याच्या नावात 'आदिवासी' आलं, की खातं ज्यांच्यासाठी आहे ते लोक डोळ्यांपुढे येतात, चालवणारे नाही. नाशिकचं आदिवासी विकास महामंडळ १९७२ पासून आहे, पण ते राज्य सरकारचं. लेखातलं गव्हर्नमेंट मात्र जमातीनं स्वतः निवडलेलं. ते कायदे करतं, कर लावतं, न्यायालयं चालवतं, आणि वर कारखाने नि कॅसिनोही चालवतं.
जुन्या भाषांतरांत 'रेड इंडियनांच्या टोळ्या' असायच्या. पण आता टोळी म्हटली की एक तर ऊसतोडीची, नाहीतर दरोडेखोरांची. 'टोळी सरकार' लिहिलं तर लोक वेगळंच काही समजतील. सुचवा काहीतरी.

सरळरेघ :
'जमात' घ्या. 'अनुसूचित जमाती'मुळे शब्द कानावरचा आहे. आणि विशेषण न लावता षष्ठी लावा, 'जमातीचं सरकार'. षष्ठीनं मालकी कळते.

गोदाकाठ :
षष्ठीचं काय घेऊन बसलात, 'शेतकऱ्यांचं सरकार' तर प्रत्येक पक्षाचं असतं! माझी अडचण 'सरकार'पाशी आहे. अमेरिकेत मान्यताप्राप्त जमाती पावणेसहाशेच्या आसपास. त्यातल्या काही आपल्या एखाद्या वाडीएवढ्या. त्यांना सरकार म्हणायचं म्हणजे फार झालं. 'जमात पंचायत' म्हणा.

कोरा कागद :
पंचायत नको. एक तर 'जात पंचायती'चा वास येतो. दुसरं म्हणजे ग्रामपंचायत राज्याच्या कायद्यानं जन्मते. या जमातींची सत्ता अमेरिका देश व्हायच्या आधीची आहे, तिला फक्त मान्यता मिळालेली आहे. अमेरिकेचे सरन्यायाधीश मार्शल यांनी १८३१ मध्ये चेरोकी जमातीच्या खटल्यात त्यांना 'डोमेस्टिक डिपेन्डन्ट नेशन्स' म्हटलं. घरच्या घरात राष्ट्र, पण आश्रित. आपल्याला ही कल्पना नवी नाही, संस्थान म्हणजे दुसरं काय होतं? आत कारभार आपला, परराष्ट्र व्यवहार वरच्यांच्या हाती.
आणि 'सरकार' मोठंच असावं लागतं हे कुणी सांगितलं? फारसीत सर म्हणजे डोकं, कार म्हणजे काम. मोगलाईत सुभा, सरकार, परगणा अशी उतरंड होती, म्हणजे सरकार हा सुभ्याचा एक तुकडा. शिवाय गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)ची घोषणा आठवा, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. ही नुसती घोषणा राहिली नाही. वनहक्क मिळाल्यावर २०११ मध्ये त्या गावानं स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकायला काढला. गावाला सरकार शोभतं, तर जमातीला का नाही?

गोदाकाठ :
मेंढ्याचा मुद्दा मान्य. संस्थान म्हणाल तर मग त्याचा शेवटही सांगा. संस्थानं खालसा व्हायची.

कोरा कागद :
अहो, तेच तर! जमातीची मान्यता सरकारनं काढून घेणं, याला इंग्रजीत 'टर्मिनेशन' म्हणतात; त्याला 'समाप्ती', 'बरखास्ती' असं काहीबाही लिहिलेलं वाचलंय. नेमका शब्द 'खालसा' आहे. विस्कॉन्सिनमधल्या मेनॉमिनी जमातीचं बघा. त्यांचं मोठं जंगल, तोड अशी बेताची की जंगल उभंच राहावं, आणि निओपिटला १९०८ पासून लाकडाची गिरणी. त्या मानानं बरं चाललेलं. काँग्रेसनं (अमेरिकेच्या, आपल्या नव्हे) १९५४ मध्ये कायदा केला, १९६१ मध्ये तो अंमलात आला, आणि जमातीची मान्यता गेली. जंगल आणि गिरणी एका कंपनीच्या नावावर, राखीव क्षेत्राची झाली एक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं काहीतरी. आता काउंटी म्हटली की रस्ते, शाळा, पोलीस आलेच, आणि त्यासाठी कर. कर भरणार कोण? मुख्यतः ती एकच गिरणी. दवाखाना बंद पडला. पैसा उभा करायला तळ्याकाठचे भूखंड बाहेरच्यांना विकायला काढले, तेव्हा लोक रस्त्यावर आले. शेवटी १९७३ मध्ये मान्यता परत मिळाली.
गिरणी तीच, झाडं तीच, माणसंही तीच. फक्त 'सरकार' काढून घेतलं होतं. म्हणून म्हणतो, उंबरठा, हा शब्द पातळ करू नका.

फिनिक्सकर :
ॲरिझोनात अठरा वर्षं काढली, म्हणून थोडं इकडचं. बोलताना लोक 'द ट्राइब' नाहीतर 'द नेशन' म्हणतात. अधिकृत नावं तर नाना तऱ्हेची. नावाहो 'नेशन', आमच्या शेजारची सॉल्ट रिव्हर पिमा-मारिकोपा इंडियन 'कम्युनिटी', न्यू मेक्सिकोत 'प्वेब्लो', कॅलिफोर्नियात 'रँचेरिया'. ही नावं भाषांतरात तशीच ठेवा. नेशनचं लगेच 'राष्ट्र' करायला गेलात, तर वाचक वेगळा पासपोर्ट शोधायला लागेल.
आणि हात जोडून विनंती, 'रिझर्वेशन'चं, म्हणजे जमातीसाठी राखलेल्या प्रदेशाचं, 'आरक्षण' करू नका. 'आरक्षणात राहणारे नावाहो' असं मी खरंच वाचलंय, आणि खाली चाळीस प्रतिक्रिया मराठा आरक्षणावर. 'राखीव क्षेत्र' म्हणा.

उंबरठा :
नोंद केली. 'ट्रस्ट लँड'ला मी 'ट्रस्टची जमीन' केलंय, तेही बदलावं का?

सरळरेघ :
बदलाच. ट्रस्ट म्हटलं की आमच्या गावाकडे देवस्थान. मालकी कुणाची आहे तिथं?

फिनिक्सकर :
कागदावर अमेरिकी केंद्र सरकारची, उपभोग जमातीचा. सरकार विश्वस्त. जमीन विकता येत नाही आणि सहसा बँकेकडे गहाणही ठेवता येत नाही, त्यामुळे कुणाला छोटं दुकान टाकायचं तरी कर्जाला तारण काय देणार? भाडेपट्टा करायचा तर पूर्वी प्रत्येक कागद वॉशिंग्टनच्या खात्याकडून मंजूर करून आणायचा. २०१२ च्या कायद्यानंतर जमातीनं आपले नियम एकदा मंजूर करून घेतले, की पुढचे पट्टे तिचे तिला करता येतात. धंद्याला उत्तेजन म्हणजे इकडे बऱ्याचदा हेच, कागद लवकर हलवणं.

सरळरेघ :
मग 'विश्वस्त ताब्यातली जमीन'. लांब आहे, पण फसवत नाही. आमच्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६अ आहे, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायला परवानगी लागते. हेतूला जवळचं, पण तिथं सातबारा आदिवासीच्याच नावावर असतो. तेव्हा तुलना करा, शब्द उसना घेऊ नका.

उंबरठा :
आता 'ट्रायबल एंटरप्राइझ'. मी 'आदिवासी उद्योजक' लिहिलं होतं.

कोरा कागद :
चूक. उद्योजक म्हणजे एक माणूस. इथं मालक अख्खी जमात. मिसिसिपीच्या चोक्टॉ जमातीनं १९७९ मध्ये मोटारींच्या वायरिंगचे जुडगे जोडायचा कारखाना काढला, जनरल मोटर्सच्या एका विभागासाठी. तो फिलिप मार्टिन या त्यांच्या प्रमुखाच्या पुढाकारानं झाला, पण त्यांचा खाजगी नव्हता. याला 'जमातीचा उद्योग' म्हणा आणि एखाद्या व्यक्तीनं स्वतःचं गॅरेज काढलं तर 'जमातीतला उद्योजक'.

गोदाकाठ :
'महामंडळ' कसं वाटतं? सरकारनं काढलेली कंपनी म्हणजे महामंडळच की.

कोरा कागद :
चालेल, पण अलास्काला लावू नका. तिथं १९७१ च्या कायद्यानं सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर जमातींच्या सरकारांना न देता नव्या कंपन्यांना दिले. विभागवार बारा, शिवाय गावोगावच्या. नोंदलेला माणूस तिथं भागधारक. जमातीचा नागरिक वेगळा, कंपनीचा भागधारक वेगळा, भले माणूस एकच असो. आणि जमातीच्या 'मेंबर'ला 'सभासद' तर नकोच, सोसायटीचा मेंटेनन्स आठवतो.

सरळरेघ :
'नेटिव्ह'चं काय केलंत? मुंबईत 'तुमचं नेटिव्ह कुठलं?' म्हणजे गाव कुठलं.

उंबरठा :
आणि इंग्रजांच्या काळात नेटिव्ह म्हणजे आपणच. 'मूलनिवासी' लिहिणार होतो, पण त्याला आपल्याकडे चळवळीतला वेगळा अर्थ चिकटलाय. म्हणून 'मूळ रहिवासी'. एकूण असं ठरतंय : जमातीचं सरकार, राखीव क्षेत्र, विश्वस्त ताब्यातली जमीन, जमातीचा उद्योग, खालसा. राहता राहिला 'पर कॅप'.

फिनिक्सकर :
कॅसिनोच्या नफ्यातून माणशी देतात तो पैसा. सगळ्याच जमाती देत नाहीत. १९८८ च्या कायद्यानं नफा आधी सरकारी कारभार, लोककल्याण, आर्थिक विकास अशा ठरावीक कामांनाच लावायचा, माणशी वाटायचा तर योजना वरून मंजूर करून घ्यायची.

गोदाकाठ :
'दरडोई वाटप'. झालं की.

उंबरठा :
दरडोई म्हटलं की दरडोई उत्पन्न आठवतं, सरासरी काढल्यासारखं. जुन्या मराठीत माणशी कराला 'डोईपट्टी' म्हणत. इथं पैसा उलट दिशेनं येतो, म्हणून मी 'डोईवाटा' लिहितोय. संपादकांनी कापला तर कापला.