अथेन्सच्या पराभवाला तिची लोकशाही जबाबदार होती का?

धागाकर्ता:
स्पार्टा या प्रतिस्पर्धी ग्रीक नगरराज्याशी इ.स.पू. ४३१ मध्ये सुरू झालेले युद्ध अथेन्स इ.स.पू. ४०४ मध्ये हरले आणि त्या पराभवाचे मूळ तिच्या नागरिकसभेत होते, असे माझे मत आहे. सिसिलीवरील स्वारीला सेनापती निकियसचा विरोध होता; सभेने कच खावी म्हणून त्याने शंभराहून अधिक जहाजांची मागणी केली, तर सभेने ती उत्साहाने मंजूर केली. स्वारीचा पुरस्कर्ता अल्सिबायडीस याला मोहीम सुरू असतानाच खटल्यासाठी माघारी बोलावले, तेव्हा तो स्पार्टाला जाऊन मिळाला. ज्याला ही स्वारी नकोच होती, त्या निकियसच्या हाती ती उरली आणि इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूजपाशी सारे आरमार बुडाले. पुढे इ.स.पू. ४०६ मध्ये स्पार्टाविरुद्धची आर्गिनुसाईची सागरी लढाई जिंकूनही, वादळामुळे बुडत्या खलाशांना वाचवता आले नाही म्हणून, परतलेल्या सहा सेनापतींना एकाच मतदानाने देहदंड दिला गेला. सॉक्रेटिसने त्या बेकायदा प्रस्तावाला विरोध केला, पण त्याचे कोणी ऐकले नाही.

पहिला प्रतिसाद:
घटना मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. सिसिलीनंतरही अथेन्स नऊ वर्षे लढले. इ.स.पू. ४११ मध्ये 'चारशे' जणांच्या गटाने लोकशाही मोडून सत्ता बळकावली. त्यांनी स्पार्टाशी तहाची बोलणी लावली आणि काही महिन्यांतच ते कोसळले. सामोस बेटावरील आरमार मात्र लोकशाहीशी एकनिष्ठ राहिले आणि पुढच्याच वर्षी त्याने सिझिकसच्या लढाईत स्पार्टाचा ताफा संपवला. पारडे फिरले ते इराणी पैशामुळे. इराणी राजपुत्र सायरसने स्पार्टाचा आरमारप्रमुख लायसँडर याला खलाशांच्या पगारासाठी रक्कम पुरवली नसती, तर जमिनीवर लढणाऱ्या स्पार्टाला समुद्रावर टिकाव धरणे अवघड होते.

दुसरा प्रतिसाद:
आपण दोघेही साम्राज्याकडे दुर्लक्ष करत आहात. डेलोस बेटावरचा अथेन्स आणि मित्रराज्यांचा सामाईक खजिना इ.स.पू. ४५४ च्या सुमारास अथेन्सला हलवला गेला आणि मित्रराज्यांची वर्गणी ही खंडणी झाली. त्याच पैशावर आरमारातल्या वल्हेकऱ्यांना, म्हणजे बऱ्याच गरीब नागरिकांना, पगार मिळत होता, त्यामुळे गरीब नागरिकाचे मत आणि मेलोस बेटावर अथेन्सने केलेली कत्तल एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. सिसिलीच्या पराभवानंतर अनेक मित्रराज्ये लगेच बंड करून उठली, ती याच जाचामुळे. शिवाय स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी यांना त्या सभेत स्थान नव्हते, हे विसरून तिला 'जनतेचा आवाज' म्हणणे मला पटत नाही.

धागाकर्ता:
साम्राज्याचा मुद्दा योग्य आहे, पण त्याने माझा मुद्दा खोडला जात नाही. पराभवानंतर स्पार्टाने बसवलेली राजवट पडून इ.स.पू. ४०३ मध्ये लोकशाही परत आल्यावर अथेन्सने कायदे करण्याचे काम सभेकडून काढून शपथबद्ध मंडळाकडे दिले आणि सभेचा ठराव कायद्यापेक्षा वरचढ ठरणार नाही असे ठरवले. अनिर्बंध सभा धोकादायक आहे, हे खुद्द अथेन्सवासीयांनीच ओळखले होते.

पहिला प्रतिसाद:
ओळखले, पण सभा मोडली नाही. स्पार्टाने बसवलेल्या त्या राजवटीतल्या 'तीस' जणांनी सुमारे १,५०० लोक मारले होते आणि तरीही, काही प्रमुखांचा अपवाद सोडता, विजयी लोकशाहीवाद्यांनी विरोधकांना अभय दिले. ही सुधारलेली लोकशाही पुढे ऐंशी वर्षे टिकली आणि इ.स.पू. ३२२ मध्ये ती मोडली, ती मॅसिडोनियाच्या अँटिपेटरने शस्त्राच्या बळावर.