शोधनिकालांवरचा सारांश आणि नको त्या सूचना कायमच्या बंद करता येतात का?

मुलुंडचे_सचिव
नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू असल्यामुळे मला शासन निर्णय, उपविधी आणि न्यायनिवाडे सतत शोधावे लागतात. हल्ली शोधयंत्राला काहीही विचारले की मूळ पानांच्या आधी कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला सारांश पुढे येतो. पुनर्विकासासाठी किती सभासदांची संमती लागते, या प्रश्नावर त्या सारांशाने ३ जानेवारी २००९ च्या निर्देशांतील तीन चतुर्थांश बहुमताची अट सांगितली. वास्तविक ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ते निर्देश बदलले असून आता एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. एका सभासदाने तोच सारांश व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि सर्वसाधारण सभेचा बराच वेळ त्यावरच्या वादात गेला.

याखेरीज शोधपेटीला नुसता स्पर्श केला तरी नटनट्यांच्या बातम्यांची यादी उघडते, आणि मी दिलेला मराठी शब्द परस्पर बदलून भलतीच पाने दाखवली जातात. हे सारे बंद करण्याचा खात्रीचा मार्ग कोणी सांगेल का? कार्यालयातील संगणक विंडोजचा आहे आणि फोन अँड्रॉइडचा.

दादरचा_संगणकवाला
आपण शोधयंत्राचे नाव दिलेले नाही, म्हणून वेगवेगळ्या यंत्रांविषयी लिहितो.

गुगलवर हा सारांश भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाला आणि तो बंद करता येत नाही, असे कंपनीच्या मदत पानावरच म्हटले आहे. तेव्हा सेटिंग्जमध्ये बटण शोधत बसण्यात वेळ घालवू नये. मात्र निकालांच्या वर 'सर्व', 'इमेज' अशी जी ओळ असते, तिच्यात 'वेब' हा पर्यायही असतो, कधीकधी 'अधिक'च्या आत दडलेला. तो निवडला की सारांश नाहीसा होतो आणि पूर्वीसारखे फक्त दुवे उरतात. दर वेळी तो निवडण्याचा त्रास टाळायचा असेल, तर काम ब्राउझरकडून करून घ्यावे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये शोधयंत्रांचे व्यवस्थापन करण्याचा विभाग आहे. तेथे नवे शोधयंत्र जोडून पत्त्याच्या रकान्यात गुगलचा नेहमीचा शोधपत्ता द्यावा, प्रश्नाच्या जागी टक्केचिन्ह आणि त्याला लागून रोमन लिपीतील छोटा एस लिहावा, आणि शेवटी 'अँड'चे चिन्ह, यूडीएम ही तीन छोटी रोमन अक्षरे, बरोबरचे चिन्ह व १४ हा आकडा, मध्ये जागा न सोडता जोडावा. मग त्या नोंदीशेजारच्या तीन टिंबांतून तिला मुख्य शोधयंत्र करावे. त्यानंतर पत्त्याच्या पट्टीत टाकलेला प्रत्येक शोध थेट 'वेब' विभागात उघडेल. गुगलच्या मुखपृष्ठावर जाऊन शोधल्यास मात्र याचा उपयोग होणार नाही.

शब्द परस्पर बदलण्यावर दोन उपाय आहेत. नेमका शब्दप्रयोग अवतरणचिन्हांत द्यावा, किंवा निकालांच्या वरच्या 'साधने'मध्ये 'व्हर्बेटिम' निवडावे. शोधपेटीतील लोकप्रिय शोधांची यादी सेटिंग्जच्या 'इतर' विभागातून बंद होते.

डकडकगो हे दुसरे शोधयंत्र या बाबतीत बरेच सरळ आहे, कारण तेथे सारांश किती वेळा दिसावा हे विचारले जाते आणि 'कधीही नाही' असे उत्तर देता येते. ही निवड कुकीमध्ये, म्हणजे ब्राउझर जपून ठेवतो त्या छोट्या नोंदीत, साठवली जात असल्याने कुकी पुसल्या की ती पुन्हा करावी लागते. त्यांचे दुवे मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राकडून येतात, त्यामुळे मराठी पानांसाठी एकाच यंत्रावर विसंबू नये.

गिरगावची_वाचक
सारांश दडवणारी अनेक एक्स्टेन्शने, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या आज्ञावली, मिळतात आणि या विषयावर कोणी विचारले की लोक लगेच तीच सुचवतात. सचिवांनी त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा एक्स्टेन्शनला शोधपानावरील मजकूर वाचण्याची व बदलण्याची परवानगी द्यावी लागते, काही तर सर्वच संकेतस्थळांसाठी ती मागतात, आणि ज्या संगणकावर संस्थेचे बँक खाते उघडले जाते तेथे एवढ्याशा सोयीसाठी ती देणे शहाणपणाचे नाही. शिवाय पानाची रचना बदलली की ती निकामी होतात.

सरसकट सारे बंद करावे, हेही मला पटत नाही. माझ्या सासूबाईंना लांब पाने वाचणे जमत नाही. पदार्थ किती काळ टिकेल अशा प्रश्नांना चार ओळींचे उत्तर पुरते. कायद्याच्या प्रश्नांना मात्र ते चालत नाही, हे मान्य.

मुलुंडचे_सचिव
दोघांचेही आभार. संगणकावर सांगितल्याप्रमाणे केले आणि सारांश दिसेनासा झाला. फोनवरील क्रोममध्ये मात्र पत्ता जोडण्याची सोय सापडत नाही, आणि नवीन टॅब उघडला की बातम्यांचा रतीब सुरूच आहे.

दादरचा_संगणकवाला
अँड्रॉइडवरील क्रोममध्ये संगणकासारखा स्वतःचा पत्ता लिहिण्याचा रकाना नाही, म्हणून आपल्याला तो सापडला नाही. फायरफॉक्समध्ये तो आहे: सेटिंग्ज, शोध, मुख्य शोधयंत्र आणि तेथे नवे जोडण्याचा पर्याय. पत्ता तोच चालेल. बातम्यांसाठी क्रोमच्या नवीन टॅबवर त्या यादीशेजारी दिसणाऱ्या चिन्हावर बोट ठेवून ती बंद करावी. मुख्य पडदा उजवीकडे सरकवल्यावर जे पान येते ते निराळे आहे. ते पडद्याच्या मोकळ्या जागी बोट दाबून धरल्यावर येणाऱ्या सेटिंग्जमधून जाते, परंतु प्रत्येक फोनवर तो पर्याय एकाच ठिकाणी असेल असे नाही.

गिरगावची_वाचक
शासन निर्णयांपुरते आणखी एक सांगते. जुने अनेक निर्णय कागदावरून स्कॅन केलेले किंवा युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेले आहेत. त्यांतील मराठी मजकूर शोधयंत्राला वाचताच येत नाही, म्हणून सारांश बंद केला तरी ते निकालांत सापडतीलच असे नाही. त्याऐवजी महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग आणि दिनांक देऊन शोधावे. आपल्या विषयासाठी सहकार, पणन व वस्त्रोद्योग विभाग निवडावा. अलीकडच्या निर्णयांच्या शेवटी संगणक सांकेतांक छापलेला असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना व दिवस असतात. ग्रुपवर मजकुराऐवजी हा सांकेतांक टाकल्यास प्रत्येक सभासदाला मूळ निर्णय स्वतः उघडून पाहता येईल.