व्यक्तिरेखा पटली नाही की तिचे दुःख आपल्यापर्यंत का पोहोचत नाही?

अर्धविराम (प्रश्न)

गेल्या आठवड्यात एका मालिकेचा शेवटचा भाग पाहिला. त्यात नायकाचा धाकटा भाऊ मरतो. दृश्यात कशाचीही उणीव नव्हती: खिडकीबाहेर पाऊस, व्हायोलिन, संथ केलेली गती आणि नायकाचा जवळजवळ दोन मिनिटांचा आक्रोश. अभिनेताही चांगला आहे. तरीही त्या वेळात, मागच्या भिंतीवरचे घड्याळ प्रत्येक शॉटमध्ये वेगळीच वेळ दाखवते आहे, हे मी टिपत बसलो होतो. त्याच्या दोनच दिवस आधी पाहिलेल्या एका चित्रपटात, हात थरथरत असल्यामुळे एका वृद्ध गृहस्थांना सदऱ्याचे वरचे बटण लावता येत नाही. सून मदतीला पुढे येताच ते “राहू दे, आज उकडतंय” असे म्हणून बटण उघडेच ठेवतात. घडते ते एवढेच, पण माझा गळा दाटून आला.

मरण पाहून काहीच वाटू नये आणि बटणाने मात्र गलबलून यावे, हा काय प्रकार आहे? ‘अभिनय कमी पडला’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. लेखनात नेमके काय राहून जाते?

दुसरी घंटा

आपल्या प्रश्नाचा विचार सुमारे हजार वर्षांपूर्वी झालेला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावरील टीकेत अभिनवगुप्त या काश्मिरी आचार्याने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत आणि त्यांतले पहिलेच विघ्न ‘संभावनाविरह’ हे आहे. समोर जे चालले आहे ते घडू शकेल असेच ज्याला वाटत नाही, त्याचे चित्त तेथे स्थिरावतच नाही. मग पुढे रस कुठून येणार? यावर त्याने सुचवलेला उपायही मार्मिक आहे. सामान्य माणसांच्या गोष्टीत प्रेक्षकाच्या स्वतःच्या अनुभवाशी संवाद जुळला पाहिजे, आणि समुद्रोल्लंघनासारखे अलौकिक कृत्य दाखवायचे असेल तर रामासारखे नाव घ्यावे, कारण त्या नावावरचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला असतो. काल निर्माण केलेल्या पात्राच्या मागे अशी पुण्याई नसते. त्याला आपला विश्वास दृश्यागणिक कमवावा लागतो.

दुसरे असे की, भरताच्या सूत्रात विभाव (भावना जागवणारे कारण), अनुभाव (तिची बाहेर दिसणारी खूण) आणि व्यभिचारी भाव (येणाऱ्या-जाणाऱ्या भावना) यांच्या संयोगाने रसनिष्पत्ती होते. आपल्या मालिकेत अनुभावांचा, म्हणजे अश्रू आणि आक्रोश यांचा ढीग होता. पण ज्याच्यासाठी शोक करायचा, ते आलंबनच, म्हणजे विभावातले मुख्य कारणच, रिकामे होते. तो भाऊ कोण होता, हे आपल्या प्रश्नातही कुठे आलेले नाही. नायकाचा धाकटा भाऊ, एवढेच!

कात्री आणि डिंक

मी संकलन करतो, त्यामुळे टेबलावरचे बोलतो. कुलेशोव्ह या सोव्हिएत दिग्दर्शकाचा 1920 च्या आसपासचा प्रयोग अनेकांना ठाऊक असेल. एकाच नटाचा निर्विकार चेहरा सूपच्या बशीला, शवपेटीला आणि एका स्त्रीला जोडून दाखवला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याच चेहऱ्यावर भूक, शोक आणि अभिलाषा वाचली, असे सांगितले जाते. हा प्रयोग संकलनाच्या सामर्थ्याचा दाखला म्हणून शिकवतात. मला मात्र त्यात प्रेक्षकाचे औदार्य दिसते. तो स्वतःहून भरायला तयारच असतो. त्याला पात्राची परिस्थिती तेवढी कळावी लागते. आपण ती न देता थेट रडका चेहरा देतो, म्हणजे त्याच्यासाठी काहीच काम शिल्लक ठेवत नाही.

एका चित्रपटात नवऱ्याने लपवलेले कर्ज उघडकीला येते आणि बायको कोसळते, असे दृश्य होते. टेक उत्तम होता, पण ज्यांना ज्यांना दाखवला ते सगळे शांतपणे बसून राहिले. मग लांबीमुळे काढून टाकलेला एक तुकडा परत जोडला. त्यात ती महिन्याचे पैसे दोनदा मोजते, त्यातली एक नोट दुसऱ्याच डब्यात टाकते आणि दाराकडे पाहत झाकण लावते. तिचेही काही लपवलेले होते. त्यानंतर रडण्याचा टेक निम्म्याने कापला, तरी लोक हलले. कर्ज तेच आणि अश्रूही तेच होते. पण आता फसवली गेलेली बाई स्वतः थोडी लबाड आणि थोडी घाबरलेली होती.

खलनायकाचा वकील

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले, पण एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो. पटणे म्हणजे वास्तवासारखे असणे नव्हे. बोलणाऱ्या प्राण्यांसाठी आपण ढसाढसा रडतो, आणि ‘हे खरोखर घडले होते’ अशी पाटी लावलेल्या चित्रपटात जांभया देतो. न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट पत्करावी, हे ॲरिस्टॉटलने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. पात्र सुसंगत हवे याचा अर्थ ते ठोकळेबाज हवे, असाही नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये भरीव पात्राची जी कसोटी सांगितली, ती मला आजही चोख वाटते: पात्राने आपल्याला चकित करावे, पण ते चकित होणे आपल्याला पटावे.

मालिकांचे दुखणे इथेच आहे. दहाव्या भागात जी बाई दुधाचा हिशेबही तपासून घेते, तीच दोनशेव्या भागात कागद न वाचता घरावर पाणी सोडते, कारण पुढच्या आठवड्यात तिला बेघर करायचे असते. त्या क्षणी प्रेक्षकाला बाई दिसेनाशी होते आणि लेखकाचा हात दिसू लागतो. हातासाठी कोण रडणार? त्यात पात्रे आपली भावना स्वतःच जाहीर करतात (“मी आतून पूर्ण तुटले आहे”), हा वेगळाच वैताग. ते आजोबा ‘मला परावलंबी व्हायचे नाही’ असे म्हणाले असते, तर अर्धविराम यांनी त्या खोलीतलेही घड्याळ शोधले असते.

संकलकांशी मात्र थोडा मतभेद आहे. प्रत्येक वेळी पूर्वकथा द्यावीच लागते, असे नाही. आजोबांची पूर्वकथा त्या एका लहानशा खोट्यातच सामावलेली आहे. त्यांना काय हवे आहे आणि त्यासाठी ते काय सोसतील, हे तिथेच कळते.

अर्धविराम

सर्वांचे आभार. आपले प्रतिसाद वाचून, त्या भावाला स्वतःसाठी कधी काही हवे होते का, हे पाहण्यासाठी मी मालिकेचे जुने भाग पुन्हा चाळले. हसणे आणि दादाला धीर देणे यांखेरीज त्याला काम नाही. अपवाद फक्त सहाव्या भागाचा. दूरच्या शहरातून त्याला शिक्षणासाठी प्रवेश मिळाल्याचे पत्र येते आणि दादा एकटा पडेल म्हणून तो ते कोणाला न दाखवता एका खणात ठेवून देतो. पुढे त्या पत्राचा उल्लेख कुठेही नाही. लेखक बहुधा विसरून गेले असावेत.

शेवटचा भागही पुन्हा लावला. नायक आक्रोश करतो, घड्याळ वेळ बदलत राहते, आणि त्या घड्याळाच्या बरोबर खाली तोच खण आहे. दोन्ही मिनिटे तो चौकटीत दिसतो. कोणी उघडत नाही.