नळीवर असलेल्या आईची जीभ कशी स्वच्छ करावी?

प्रश्न

आईला अर्धांगवायूचा झटका येऊन पाच आठवडे झाले. उजवी बाजू गेलीय, बोलणं बंद आहे, गिळता येत नाही म्हणून नाकात नळी आहे. दात मी रोज पुसते. जिभेकडे मात्र लक्षच गेलं नाही. तोंडातून काही जातच नाही तर घाण कशाची होणार, असं वाटायचं. परवा तिने जांभई दिली तेव्हा टॉर्च मारून पाहिलं. मागच्या बाजूला पिवळट-तपकिरी जाड थर, वाळलेल्या चिखलासारख्या भेगा पडलेला. वासही येतो. टंग क्लीनर लावून पाहिलं तर तिला उबळ आली, दात घट्ट मिटले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेव्हापासून माझा हात धजत नाही. घरी कोणी हे केलंय का?

प्रतिसाद १

ताई, वडिलांचं मी तीन वर्षं केलं, त्यातलं सव्वा वर्ष नळीवर. सुरुवातीला माझाही हाच समज होता. उलट, तोंडाने खाणं थांबलं की जीभ जास्त खराब होते. चावताना, बोलताना ती टाळूवर घासली जाते आणि लाळ सगळं धुऊन नेते. आईचं चावणं आणि बोलणं दोन्ही बंद आहे. जिभेवर बारीक केसांसारखे उंचवटे असतात, त्यांच्यात मेलेल्या पेशी, कफ आणि जिवाणू अडकून बसतात. वास येतो तो या जिवाणूंनी सोडलेल्या गंधकयुक्त वायूंचा.

पण वासासाठी मी एवढं लिहीत नाहीये. ज्यांना गिळता येत नाही त्यांची लाळ नकळत श्वासनलिकेत उतरते आणि तिच्याबरोबर हे जिवाणू फुप्फुसात जातात. नळी घातली म्हणून हे थांबत नाही. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं चाललेला एक अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ज्यांचं तोंड रोज प्रत्येक जेवणानंतर स्वच्छ केलं जायचं त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्के, बाकीच्यांत १९ टक्के. हे वाचलं त्या दिवसापासून मी एकही दिवस चुकवला नाही.

आता पद्धत. फीड, म्हणजे नळीतून अन्न, दिल्यावर निदान तासभर थांबा. मी सकाळच्या पहिल्या फीडआधीच करायचो. डोक्याकडची बाजू चांगली उंच, हनुवटी किंचित खाली, मान एका बाजूला कललेली. म्हणजे पाणी गालात जमतं, घशात उतरत नाही.

मग ओलावा, आणि इथे घाई करू नका. मी सुरुवातीचे कितीतरी दिवस कोरडीच जीभ घासत होतो, एकदा रक्त आलं. गॉज (जखमेच्या पट्टीचं जाळीदार कापड) पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, आधी ओठ आणि मग जीभ ओलसर करून पाच-दहा मिनिटं नुसतं थांबायचं. थर फुगतो, कडा सुटायला लागतात. त्यानंतर लहान मुलांचा मऊ ब्रश, ओला करून झटकलेला. पेस्ट नको, फेस घशात जातो. मागून पुढे, चार-पाच वेळा, दर वेळी ब्रश पुसून. पहिल्या दिवशी फक्त पुढचा अर्धा भाग, मग रोज थोडं मागे. सगळा थर एका दिवसात काढायला जाल तर पुन्हा उबळ येईल. बाबांच्या जिभेच्या कडेला गुलाबी रेघ दिसायला चौथा दिवस उजाडला होता.

बोट दातांमध्ये घालू नका. तोंडात काही लागलं की जबडा आपोआप मिटतो, त्यात त्यांचा दोष नसतो.

आणि आईंना आधी सांगा. बोलता येत नसलं तरी बरंच कळत असतं.

प्रतिसाद २

मी परिचारिका आहे. वरचं सगळं बरोबर आहे, थोडी भर घालते. दह्यासारखे पांढरे ठिपके दिसले आणि पुसल्यावर खाली लालभडक झालं, तर ती बुरशी असू शकते. ती घासून जात नाही, डॉक्टरांना दाखवून औषध घ्या. लिंबू-ग्लिसरीनचे बोळे वापरू नका, तोंड आणखी कोरडं पडतं. जिभेच्या अगदी मागे इंग्रजी व्हीच्या आकारात मोठे गोल उंचवटे दिसतील, ते सगळ्यांनाच असतात, खरवडू नका. कवळी असेल तर रात्री काढून ठेवा. आणि मध्येच ठसका लागला किंवा श्वासात घरघर आली तर लगेच थांबा.

उजवा गालही आतून बघा. त्या बाजूला संवेदना नसेल तर तिथे काय अडकलंय ते त्यांना कळत नाही.

धागाकर्ती

आज नववा दिवस. उजव्या गालात खरंच वाळलेल्या कफाची नखाएवढी पट्टी चिकटलेली होती. ती ओली करून काढायला दोन दिवस गेले. जिभेचा पुढचा निम्मा भाग स्वच्छ झालाय, मागे अजून आहे, तिकडे सावकाश जाते. आता आधी “आई, जीभ पुसूया” म्हणते, ब्रश तिच्या डाव्या हाताला लावून दाखवते आणि मग ओठांशी नेते. काल आणि आज तिने दात मिटले नाहीत.