मदत हवी आहे: मानसशास्त्राचं एमए आत्ता, की क्लिनिकलसाठी वर्षभर थांबू?

टीवायबीए मानसशास्त्र, शेवटचं सत्र, निकाल जूनअखेर. ध्येय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी. समुपदेशन किंवा एचआर नको आहे.

अडचण अशी. पूर्वीचा मार्ग सरळ होता: दोन वर्षं एमए, मग दोन वर्षं एमफिल. यूजीसीने क्लिनिकलच्या एमफिलला 2025-26 पर्यंतच मुदत दिली होती. म्हणजे आत्ता साधं एमए केलं तर पुढचा टप्पा कोणता? आरसीआयने एमए क्लिनिकल सायकॉलॉजी आणलंय, पण जागा मोजक्या.

आतापर्यंत: मार्चमधली सीयूईटी-पीजी (पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) दिली आहे. पुणे आणि मुंबई विद्यापीठांची माहितीपत्रकं वाचली. आरसीआयच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादीही पाहिली. काही कॉलेजं 'एमए, स्पेशलायझेशन क्लिनिकल' असं छापतात. ते आरसीआय-मान्य एमए नव्हे, त्यामुळे नोंदणी क्रमांक मिळत नाही. (मोठ्या अक्षरात क्लिनिकल, बारीक अक्षरात काहीच नाही.) दोन विभागांना मेल केले, उत्तर नाही.

मर्यादा: दोन वर्षांची फी मिळून तीन लाखांच्या आत. महाराष्ट्राबाहेर चालेल, वसतिगृह हवं. दूरस्थ एमए नको, कारण रुग्णांसोबतचं प्रात्यक्षिक हवं आहे.

साधं एमए केलेल्यांना आरसीआय-मान्य एमए क्लिनिकल पुन्हा पहिल्या वर्षापासूनच करावं लागतं का? तसं असेल तर यंदा साधं एमए सोडून, वर्षभर एखाद्या मनोविकार विभागात काम करून पुढच्या वर्षी थेट आरसीआय-मान्य संस्थांमध्येच अर्ज करणं बरं का? आणि त्या संस्थांचे अर्ज साधारण कोणत्या महिन्यात निघतात?