मदत हवी आहे: बहिणीच्या डोळ्यांत कॅल्शियम साचतंय का?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीला ट्युमरल कॅल्सिनोसिस आहे, म्हणजे सांध्यांभोवती कॅल्शियमच्या गाठी साचण्याचा आजार. रक्तात फॉस्फेट जास्त, कॅल्शियम नॉर्मल. कोपराशी आणि खुब्याशी गाठी. पण महिनाभर तिचे डोळे लाल आहेत, सारखे खुपतात. काल टॉर्च धरून पाहिलं, तर बुबुळाच्या कडेला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके! ॲलर्जी समजून दिलेल्या थेंबांनी काहीच फरक नाही.

कॉर्नियावर (बुबुळावरच्या पारदर्शक भागावर) कॅल्शियमचा पट्टा धरला तर तो ईडीटीए या कॅल्शियम बांधून घेणाऱ्या रसायनाने काढता येतो, हे वाचलंय. या आजारात डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) अँजिऑइड स्ट्रीक्सही, म्हणजे पडद्याखालच्या थराला पडलेल्या भेगांच्या रेषा, येऊ शकतात, त्याचीच जास्त धास्ती वाटते. कुणाला असा अनुभव आहे का? सेव्हेलामर या अन्नातलं फॉस्फेट अडवणाऱ्या औषधाने फॉस्फेट उतरल्यावर डोळ्यांना आराम पडला का? ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन) किती महिन्यांनी करता? तिला वाचनाचं वेड आहे हो, जीव नुसता टांगणीला लागलाय.